पाटलांचं पान आणि सुताराची दोरी

फार जुनी गोष्ट आहे. डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि त्या गावात एकच सुतार होता. त्याचा हात चांगला होता, हत्यारंही चांगली होती. फक्त त्याचा स्वतःवर विश्वास नव्हता.

फळीवर रंधा मारून झाला की तो एक डोळा मिटून तिच्याकडे बघे. मग दुसरा डोळा मिटून बघे. तरी समाधान झालं नाही की बायकोला हाक मारी.

"अगं, सरळ आहे का ही?"

"सरळ आहे."

"नीट बघून सांग."

"नीट बघूनच सांगितलं. तुमच्यापेक्षा सरळ आहे," ती म्हणे, आणि पुन्हा चुलीकडे वळे.

या सुताराच्या कमरेला कायम एक सुताची दोरी असे. कुठलीही चौकट जोडली की तो ती दोरी एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरपी ताणायचा, जिथं संपेल तिथं गाठ मारायचा, आणि मग तीच दोरी उरलेल्या दोन कोपऱ्यांत ताणून बघायचा. गाठ दोन्हीकडे कोपऱ्यावरच आली तर चौकट काटकोनात. गाठ अलीकडे-पलीकडे पडली तर चौकट कलली. काटकोन तपासायचा गुण्या त्याच्याकडे होताच, पण गुण्या एका वेळी एकच कोपरा बघतो. दोरी चारही कोपऱ्यांना एकदम विचारते.

लोक हसत. "काय सुतारबुवा, कपाट करताय की खाट विणताय?"

हसण्याचं त्याला फार वाटत नसे. त्याच्या मनाला लागलं होतं ते वेगळंच. काही वर्षांपूर्वी त्यानं गावातल्या गुरवाच्या घरी देव्हारा केला होता. देव्हारा झकास झाला. लाकूड चिकटवायचा सरस लावून, आवळून, वाळत ठेवला. पण संध्याकाळी याला राहवेना. जाऊन दोरी लावली. गाठ जराशी, अगदी जराशी हुकत होती. सरस तोवर आळला होता. तरी यानं एक कोपरा तळहातानं थोडासा रेटला, आणि आतून बारीक 'कट्' असा आवाज आला. एकदा आळलेला सरस तुटला की तो सांधा पुन्हा तसा धरत नाही. देव्हारा महिन्याभरात डुगडुगायला लागला. गुरवानं देव उचलून परत भिंतीतल्या कोनाड्यात ठेवले. तो एक शब्द बोलला नाही. बाकीचं गाव मात्र पुष्कळ बोललं.

तेव्हापासून सुताराकडे पाट, लाटणी आणि खुंट्या एवढंच काम येई. पाट थोडा वाकडा असला तरी माणूस जेवतो.

मग एका वर्षी गावाच्या बियाण्यात उंदीर शिरले. पेरणीच्या तोंडावर कणग्या उघडल्या तर आत नुसता भुसा. शेजारच्या गावापुढं रिकामी पोती घेऊन उभं राहावं लागलं. त्यांनी बियाणं दिलं, पण देताना जे हसले ते पाटलांच्या जिव्हारी लागलं. पाटलांनी ठरवलं, की चावडीच्या आतल्या खोलीत एक मोठं सागवानी कपाट हवं. प्रत्येक घराला त्यात आपला एक खण. आणि दारं अशी बसली पाहिजेत की उंदराची मिशीसुद्धा आत जाता कामा नये.

कोणी म्हणालं, बाजारच्या गावचा सुतार बोलवू. पाटलांनी नकारार्थी मान हलवली आणि आपल्या सुताराला बोलावून घेतलं.

"हे बघ, सुतारा. हे जमलं तर गावाची सगळी कामं तुझी. नाही जमलं तर पाट-लाटणीसुद्धा आम्ही बाजारातून आणू. मग तू पोटासाठी कुठं जायचं, ते तुझं तू बघ."

"जमेल की नाही, सांगता येत नाही, पाटील," सुतार म्हणाला.

"बाजारचा सुतार असता तर 'जमेल' म्हणाला असता."

"म्हणाला असता, खरं आहे."

पाटील हसले. कदाचित हेच ऐकून त्यांनी काम त्याला दिलं असेल. कोण जाणे.

थंडीचे दिवस सुतारानं कामात घालवले. फळ्या रंधल्या, खाचा पाडल्या, खाचांत बसणारी कुसं तासली. दारं आधीच काटकोनात करून भिंतीला टेकवून ठेवली. आता कपाट काटकोनात आलं तरच ती दारं बसणार होती. कपाट कललं तर एका कोपऱ्यात फट पडणार, आणि उंदराला तेवढी पुरते. सरस न लावता त्यानं सगळं कोरडंच जोडून पाहिलं. दोरी लावली. गाठ बरोबर कोपऱ्यावर आली. पुन्हा लावली, पुन्हा आली. मग त्यानं बायकोकडून लावून घेतली.

"आली," ती म्हणाली. "आता जेवायला या."

जोडणीचा दिवस ठरला. त्या गावाची एक रीत होती. मोठं काम जोडायचं असलं की लोक जमत. सांधे आवळून झाले की गुरव कामाला कुंकू लावी, आणि कुंकू लागलं की दुसऱ्या सकाळपर्यंत त्याला कोणी हात लावत नसे.

चांगलं ऊन पडलं होतं. चावडीच्या ओट्यावर कपाट उताणं मांडलेलं, शेजारी निखाऱ्यांवर सरसाचं भांडं. गुरव तबक घेऊन आला आणि सुताराकडे न बघता एका बाजूला उभा राहिला. पाटील बाजेवर बसले आणि त्यांनी पानाचा विडा तोंडात घातला.

सुतार ते बघत होता. त्याचा बाप सांगायचा, सरस लावून झाला की एक पान चघळून संपेपर्यंत चौकट आपली असते. त्यानंतर ती सरसाची.

कुंचला भराभर फिरला. कुसं खाचांत गेली, मोगरीनं ठोकून बसली. भोवती जाड दोर गुंडाळून, त्यात दांडकं घालून सुतारानं पीळ द्यायला सुरुवात केली. सांध्यांतून सरस मोत्यासारखा बाहेर आला. तिथंच थांबायला हवं होतं. पण त्याच्या मनात आलं, पीळ कमी पडला तर? म्हणून त्यानं आणखी एक पीळ दिला. मग मनात आलं, या बाजूला जास्त आणि त्या बाजूला कमी झाला असेल तर? म्हणून तिकडेही दिला. मग पुन्हा इकडे.

"झकास," लोक म्हणाले. गुरव कुंकवाचं बोट घेऊन पुढं आला.

सुतारानं घाईनं कमरेची दोरी सोडली, एका तिरप्या रेघेत ताणून गाठ मारली आणि दुसऱ्या तिरप्या रेघेत धरली. गाठ कोपऱ्याच्या बोटभर अलीकडेच थांबली. एवढ्या आवळण्यानं कपाट कललं होतं.

सगळं गाव समोर होतं. गुरवाचं बोट कपाटापासून वीतभर अंतरावर होतं. आता गप्प राहिलं तर कुंकू लागेल, लोक वाहवा करतील आणि घरी जातील. उद्या दार बसलं नाही तर बिजागरीला दोष देता येईल. लाकूड फुगलं म्हणता येईल.

त्यानं पाटलांच्या तोंडाकडे पाहिलं. गाल अजून भरलेला होता.

"थांबा," तो म्हणाला. "वाकडं आहे."

लोक खुसुखुसु हसायला लागले. "झालं, याची खाट सुरू झाली," मागून कोणीतरी म्हणालं.

पाटलांनी पान सांडू नये म्हणून हनुवटी वर केली. "मला तर सरळ दिसतंय."

"मलाही सरळच दिसतंय, पाटील. दोरीला दिसत नाही."

गुरवानं बोट मागं घेतलं.

सुतारानं दांडकं उलटं फिरवून पीळ सैल केला. लोक आ वासून बघत राहिले. आवळलेलं काम कोणी आपल्या हातानं सैल करताना त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. जी तिरपी रेघ लांब भरली होती तिच्यावर त्यानं दुसरा दोर टाकला. फरक बोटभर होता, आणि मन म्हणत होतं, बोटभर आवळ. पण एक तिरपी रेघ जेवढी आखडते तेवढी दुसरी लांबते, हे त्याला ठाऊक होतं. म्हणून त्यानं मापाच्या दोरीवरची गाठ सोडली, अर्धं बोट पुढं नवी मारली, आणि तेवढंच आवळलं. मग भोवतीच्या दोराला पुन्हा पीळ दिला. सरसाचे मोती दिसले तसा थांबला. या वेळी खरंच थांबला.

दोरी लावली. एका तिरप्या रेघेत गाठ कोपऱ्यावर आली. दुसऱ्या रेघेत केसभर पुढं गेली.

केसभरच. दुसऱ्या कोणाला ती दिसलीही नसती. सुताराला मात्र आता दुसरं काही दिसेना. एवढा केस काढला की झालं, असं त्याला वाटलं. दांडक्याला अगदी हलकंसं वळण द्यायचं. त्याचा हात दांडक्याकडे गेला.

त्याच वेळी पाटील बाजेवरून वाकले, ओट्याखाली पिंक टाकली आणि उपरण्यानं तोंड पुसलं.

"अहो," सुतारीण मागून शांतपणे म्हणाली, "पाटलांचं पान संपलं."

सुताराचा हात दांडक्यावर होता. त्याला तो बारीक 'कट्' ऐकू आला, देव्हाऱ्यातला. त्यानं गुरवाकडे पाहिलं. गुरवही त्याच्या हाताकडेच बघत होता.

सुतारानं हात काढून घेतला. एक हात दुसऱ्या हातात घट्ट धरून तो दोन पावलं मागं सरला. "लावा कुंकू," तो म्हणाला.

ती दुपार त्याला फार लांब गेली. घरी येऊन तो ओसरीवर बसला, उठला, पुन्हा बसला. हात कमरेकडे गेला तर कमरेला दोरी नव्हती.

"अगं, माझी दोरी कुठाय?"

"शेळीला बांधलीय."

"ती मापाची दोरी आहे."

"शेळीपण मापातच चरतेय आज."

त्यानं परसात जाऊन बघितलं. शेळी खरंच त्या दोरीला बांधलेली होती आणि निवांत रवंथ करत होती. तो तिच्यासमोर बसून राहिला. केसभर फरक, केसभर फरक, असं मनात चाललं होतं. "आणि तो केस वाढला असेल तर?" तो म्हणाला.

सुतारीण शेंगा निवडत शेजारी येऊन बसली. "वाढला असेल तर उद्या कळेल. आज तुम्ही गेलात तर मात्र नक्की वाढेल."

त्यानं सुपातल्या थोड्या शेंगा आपल्या पुढ्यात ओढल्या आणि तोही निवडायला लागला. हातांना काहीतरी हवं होतं.

दुसऱ्या दिवशी दोर सोडले. कपाट खोलीत नेऊन उभं केलं, बिजागऱ्या ठोकल्या, दारं चढवली. दारं मिटली तेव्हा आवाज असा आला, जसा पोथी मिटताना येतो. तरी पाटलांना खात्री करायची होती. त्यांनी खोलीची खिडकी लावून घेतली, पेटती पणती कपाटात ठेवली आणि दारं बंद केली. कुठं फट असेल तर उजेड सांगणार होता.

खोली अंधारी झाली. कपाट काळंच्या काळं उभं होतं. फक्त वरच्या एका कोपऱ्यात उजेडाची एक रेघ दिसत होती, केसाएवढी.

"ती," सुतार कसाबसा म्हणाला. "ती राहिली, पाटील. मला काल दिसली होती."

पाटील जवळ गेले. त्यांनी नख लावून पाहिलं. नख आत जाईना. गुरवानं तबकातला तिळाचा दाणा लावून पाहिला. तोही आत जाईना.

"काल दिसली होती, मग काढली का नाहीस?" पाटलांनी विचारलं.

"पान संपलं होतं."

पाटलांना काही समजलं नाही. पण गुरवाला समजलं. तो अंधारातच हलकेच हसला.

"असू दे ती," पाटील म्हणाले. "बियाण्याला थोडी हवा लागतेच."

त्या पावसाळ्यात गावानं आपलंच बियाणं पेरलं. कपाटाभोवती उंदीर फिरले आणि निघून गेले. पेरण्या झाल्यावर एके दिवशी गुरव सुताराच्या ओसरीवर येऊन बसला. बराच वेळ पावसापाण्याचं बोलला आणि जाता जाता म्हणाला, "कोनाड्यात ओल येते हो फार. देवांना एखादा देव्हारा बघा."

सुतार बदलला असं काही नाही. फळी सरळ आहे ना, हे तो बायकोला आधी विचारायचा तसंच पुढंही विचारत राहिला. फक्त देव्हाऱ्याचा सरस लावताना त्यानं तिला शेजारी बसवून हातात विडा दिला. ती चघळत बसली, तो मोजत, सैल करत, आवळत राहिला. मग तिनं त्याच्याकडे वळून रिकामं तोंड उघडून दाखवलं, आणि तो मुकाट्यानं उठून हात धुवायला गेला.

तात्पर्य: शंका येणं वाईट नाही, पण तिची एक वेळ असते. चूक सुधारता येण्यासारखी आहे तोवर चारचौघांसमोर ती कबूल करून सुधारावी; ती वेळ सरली की आपल्या कामावरचा हात आपणच काढून घ्यावा.