दवंडीवाल्याची मान

डोंगराच्या पायथ्याशी वसलेल्या एका गावात एक बाई राहायची. तिच्या हाताला गुण आहे, असं सगळं गाव म्हणायचं. एक ती बाईच तेवढी म्हणायची नाही.

तिचं नाव आवडाई. गावाच्या कडेला पिंपळाखाली एक मठी होती, तिथे ती बसायची. दुखण्यावर हात ठेवून घ्यायला लोक त्या मठीत पिढ्यान्‌पिढ्या येत. गावाची श्रद्धा अशी, की होऊन गेलेल्या थोर माणसांचे आत्मे अजून गावाची काळजी वाहतात आणि हात ठेवणाऱ्याच्या तळव्यातून आजाऱ्याला बळ पाठवतात. हे खरं का खोटं, ते मला विचारू नका. मी गोष्ट सांगतोय, पैज लावत नाही.

मठीचा एक रिवाज मात्र कडक होता. हात ठेवण्याआधी हात ठेवणाऱ्याने मोठ्याने म्हणायचं, ‘‘मी वैद्य नाही. गुण येईलच असं नाही. चालू औषध सोडू नका.’’ मग विचारायचं, ‘‘हात ठेवू का?’’ समोरचा हो म्हणाला तरच हात ठेवायचा. नको म्हणाला तर आपला हात आपल्या मांडीवर.

आवडाई हा रिवाज इतका पाळायची, की एकदा एक म्हातारा ‘‘थांब जरा, इचार करतो,’’ म्हणाला आणि विचार करता करता भिंतीला टेकून झोपला. आवडाई हात मांडीवर घेऊन तशीच बसून राहिली. म्हातारा उठला तेव्हा दिवस कलला होता. ‘‘आता बरं वाटतंय, ऱ्हाऊ दे,’’ असं म्हणून तो घरी गेला. आवडाईचे मात्र पाय आखडले.

तिच्या हाताखाली नागोजी नावाचा एक चेला तयार झाला होता. तरणाबांड, आवाज खणखणीत, मिशीला पीळ. नागोजी लोभी नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. तो कुणाकडून सुपारीचं खांडसुद्धा घेत नसे. त्याला हवी होती ती फक्त वाहवा. लोभी माणसाला निदान पोट भरल्यावर झोप तरी येते. वाहवा हवी असलेल्याचं पोट भरतच नाही.

एक दिवस नागोजी म्हणाला, ‘‘आवडाई, येक इचारू? हलवाई कधी म्हनतो का, जिलबी गोड आसंलच आसं न्हाई? मग आपनच का म्हनायचं, गुन यील न यील? मानूस आर्धा हितंच खचतोय की!’’

आवडाई म्हणाली, ‘‘जिलबी वाईट निघाली तर मानूस थुकून टाकतो, नागू. आपल्या भरवशावर औषिद सोडलं तर काय थुकायचं?’’

नागोजीला ते पटलं नाही. त्याने आपली गादी उचलली आणि भर बाजारात, चौकातल्या पारावर नेऊन टाकली. मठीतली ती वाक्यं त्याने मठीतच ठेवली. त्यांच्या जागी नवीन आरोळी आली, ‘‘या! बसा! आलात तसं माघारी जानार न्हाई!’’

मग काय विचारता! लोकांची नुसती रीघ लागली. नागोजी विचारत नसे, थेट हात ठेवत असे. रस्ता विचारायला थांबलेल्या पाहुण्याच्या डोक्यावर हात पडला. वांगी विकणाऱ्या बाईच्या पाठीवर पडला, तेव्हा तिने तराजूच उगारला. पण बाकीचे खूश होते. ज्याची सर्दी गेली, तो गावभर सांगत सुटे. सर्दी आपली आपण जाते हे सर्दीला माहीत असतं, नागोजीला नव्हतं.

ज्यांना गुण आला नाही ते गप्प बसले. न आलेल्या गुणाची बातमी कोण सांगतो? त्यामुळे चौकात ऐकू येई ती फक्त वाहवाच. नागोजीच्या मिशीचा पीळ वाढत चालला.

याच गावात शिदबा नावाचा एक दवंडीवाला होता. त्याचा आवाज असा, की त्याने वरच्या आळीत हलगी वाजवून दवंडी दिली तर खालच्या आळीतलं रांगतं पोर दचकून रडायला लागे. शिदबाला दुसरं काही येत नव्हतं. त्याचं घर त्याच्या गळ्यावर चालायचं.

नेमका तोच गळा बसला. घशाच्या आत एका बाजूला सूज आली आणि आवाजच गेला. गावच्या वैद्यकाकांनी दिवा धरून घसा बघितला आणि शिदबाच्या बायकोला, ठकूबाईला सांगितलं, ‘‘आत गळू धरतंय. हा काढा पाजा, गुळण्या करू द्या. पिकलं की मी फोडीन. तोवर धूर, तिखट, आंबट लांब ठेवा. आणि जास्त वाटलं तर तडक मला बोलवा.’’

इकडे गावात गोंधळ माजला. म्हैस हरवली म्हणून पाटलाने दवंडी द्यायला सांगितली. शिदबाने हलगी वाजवली, लोक जमले आणि शिदबाने डोक्याला दोन बोटं लावून शिंगं दाखवली. लोकांना वाटलं बाशिंग. पाटलाच्या घरी लग्न आहे, असं समजून आळीच्या आळी नवी लुगडी नेसून पंगतीला हजर! पाटील म्हैस शोधायचं सोडून पिठलं घाटायला लावून बसला.

ठकूबाईला मात्र हसू येत नव्हतं. वैद्यकाका गळू फोडणार, म्हणजे घशात पातं घालणार, या विचारानेच तिला घाम फुटे. तिने शिदबाचा दंड धरला आणि त्याला नागोजीच्या पाराकडे ओढत नेलं. शिदबा वाटेत झाडांना धरत होता, खांबांना धरत होता, पण ठकूबाई बळकट होती.

‘‘बुवा, ह्यांचा आवाज गेलाय. तेवढा हात ठिवा,’’ ठकूबाई म्हणाली.

शिदबाला हात नको होता. त्याला वैद्याचा काढा बरा वाटत होता. पण बोलणार कसा? त्याने जोरजोराने मान हलवली. नाही, नाही, नाही!

आता, मान हलवण्याचं असं आहे. त्या गावात कुणाच्या अंगात वारं आलं, म्हणजे एखादा आत्मा संचारला, की तो माणूस घुमायला लागतो. डोळे फिरतात आणि मान इकडून तिकडे, तिकडून इकडे हलते. नागोजीने असलं वारं पुष्कळदा बघितलं होतं. नको म्हणणारा माणूस त्याने बरेच दिवसांत बघितला नव्हता, कारण त्याने कुणाला विचारलंच नव्हतं.

‘‘मान हलली!’’ नागोजी ओरडला. ‘‘वारं आलं, वारं!’’

शिदबाने घाबरून आणखी जोरात मान हलवली.

‘‘जबर हाय!’’ नागोजी म्हणाला.

‘‘जबर हाय!’’ गर्दी म्हणाली.

चौघांनी शिदबाला धरून खाली बसवलं. नागोजीने त्याच्या डोक्यावर हात दाबला. ‘‘बोल, कोन हाईस तू? नाव सांग!’’

शिदबाने तोंड उघडलं. हवा आली, शब्द आला नाही.

‘‘मुकं वारं हाय!’’ नागोजीने जाहीर केलं. मुकं वारं कुणीच कधी बघितलं नव्हतं, त्यामुळे मागची माणसं पुढच्यांच्या खांद्यांवर चढली. मग धूप आला. मिरच्यांचा धूर आला. शिदबाच्या तोंडात लिंबू पिळलं गेलं. वैद्यकाकांनी जे जे लांब ठेवायला सांगितलं होतं, ते सगळं जवळ आलं. शेवटी नागोजीची नजर ठकूबाईच्या हातातल्या काढ्याच्या बुधल्याकडे गेली.

‘‘ह्यावरच तर पोसलंय ते!’’ असं म्हणून त्याने काढा पाराखाली ओतला. तिथलं कुत्रं पुढे आलं, त्याने वास घेतला आणि ते निघून गेलं.

‘‘आता औषिद बंद. आवाज येनार म्हंजे येनार!’’ नागोजीने शब्द दिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आवाज आला नाही. सूज वाढली. शिदबाला आधी भाकर गिळेना, मग पेज गिळेना. एका सकाळी पाण्याचा घोटसुद्धा नाकातून परत आला. श्वास घेताना घशातून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला. वैद्यकाकांना न विचारता औषध टाकलं, आता कोणत्या तोंडाने त्यांच्या दारात जायचं, म्हणून ठकूबाई पुन्हा पाराकडेच धावली. शिदबाला या खेपेला झाडं धरायचीही ताकद नव्हती.

बाजाराचा दिवस होता. आसपासच्या गावांची माणसं खास नागोजीला बघायला आली होती. ठकूबाईने सगळ्यांसमोर नवऱ्याला पारावर टेकवलं आणि हात जोडले.

‘‘बुवा, तुमच्या शब्दावर औषिद टाकलं. आता पानी बी जाईना. खरं सांगा, वैद्याला बोलवू का नगं? तुमी म्हनाल तसं करते.’’

गर्दीतून एकजण म्हणाला, ‘‘अगं बाय, बुवांचा हात आसताना वैद्य कशाला?’’ दुसरा म्हणाला, ‘‘बोला बुवा, आज उतरनार का न्हाई त्ये वारं?’’

नागोजीच्या ओठांवर उत्तर तयार होतं. वारं हट्टी आहे, आज उतरेल, असं म्हटलं की झालं. उद्याचं उद्या. त्याने शिदबाकडे बघितलं. शिदबा त्याच्याकडेच बघत होता आणि हळूहळू मान हलवत होता. डोळे फिरलेले नव्हते. त्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते सरळ नागोजीच्या डोळ्यांत बघत होते. भूत काही असं बघत नाही. हा माणूस पहिल्या दिवसापासून आपल्याला नको म्हणत होता, हे नागोजीला तेव्हा कळलं.

‘‘ठकूबाई,’’ तो म्हणाला, आणि त्याचा खणखणीत आवाज पार चिरकला, ‘‘मी वैद्य न्हाई. ह्यात वारंबिरं काय न्हाई. माझं चुकलं.’’

गर्दीत मागून एकजण म्हणाला, ‘‘मग आमी येवढं लांबनं कशाला आलो?’’

नागोजी धावत सुटला. धोतराचा सोगा सुटला, फेटा घसरून चिखलात पडला आणि वांगीवालीने मनसोक्त हसून घेतलं. पण वैद्यकाकांना हाताला धरून घेऊनच तो परत आला.

वैद्यकाकांनी घसा बघितला आणि बोलणं नंतरसाठी ठेवलं. आवडाईही येऊन पोचली होती. तिने शिदबाला विचारलं, ‘‘मानंला धरू का रं? हालायचं न्हाई म्हनून.’’ शिदबाने डोळे मिटून होकार दिला. तिने मान धरली, वैद्यकाकांनी पातं चालवलं, गळू फुटलं. शिदबाने सगळी घाण थुंकली आणि छाती भरून श्वास घेतला. ठकूबाई पाराच्या दगडालाच मिठी मारून रडली.

मग वैद्यकाका नागोजीकडे वळले. ‘‘संध्याकाळपर्यंत थांबला असतात, तर मला नुसतं रडायलाच यावं लागलं असतं. आवाज परत येतो का, ते आता त्याचं नशीब.’’

नागोजीने पारावरची गादी उचलली. मठीत जाऊन तो आवडाईच्या पायाशी बसला. तिने त्याला बोल लावला नाही. ‘‘आधी त्याच्या घरी जा,’’ एवढंच ती म्हणाली.

गेला. पण जायला त्याला फार जड गेलं. शिदबा अंगणात बाजेवर पडला होता, गळ्याला फडकं बांधलेलं. सूज उतरली होती, पेज जात होती, पण तोंडातून अजून शब्द फुटला नव्हता. ठकूबाई चुलीपाशी होती. तिने नागोजीला बस म्हटलं नाही. तो आपणच जमिनीवर बसला.

मग सवयीने नागोजीचा हात उचलला गेला. अर्ध्यावर गेला आणि थांबला.

‘‘शिदबा,’’ तो अडखळत म्हणाला, ‘‘मी वैद्य न्हाई. गुन यीलच आसं न्हाई. वैद्यकाकांचं औषिद सोडू नगंस. हात... हात ठिवू का?’’

शिदबाने त्याच्याकडे बघितलं. मान हलवली नाही. त्याने तोंड उघडलं, छाती फुगवली.

‘‘नगं!’’

आवाज घोगरा होता, फाटका होता, पण विहिरीवरच्या बायकांचे हात दोरावर थांबले आणि खालच्या आळीत एक पोर दचकून रडायला लागलं. ठकूबाईच्या हातातली पळी खाली पडली. शिदबा स्वतःच इतका चकित झाला, की त्याने खात्री करायला पुन्हा ओरडून बघितलं, ‘‘नगं, नगं, नगं!’’

नागोजीने हात मांडीवर ठेवला आणि तो ढसाढसा रडायला लागला. चौकातल्या एवढ्या वाहवांनी जे सुख त्याला दिलं नव्हतं, ते त्या एका नकाराने दिलं.

आता यातून घ्यायचं ते एवढंच. तात्पर्य: दुसऱ्याचं दुखणं बरं करायला निघालेल्याने आपलं जेवढं जमतं तेवढंच सांगावं, जे जमत नाही ते त्याहून मोठ्याने सांगावं, आणि ‘नको’ ऐकू आल्यावर हात मागे घ्यावा.