दगडातले उघडे ओठ

“मग चुकलंय तरी कुठे, गुरुजी?”

म्हातारा शिल्पकार केनरे एक पाऊल मागे सरकला. देवळाची नवी भिंत तो सकाळपासून न्याहाळत होता. आता ऊन पार वर आलं होतं.

इजिप्तच्या राजाने शत्रूचे केस मुठीत धरले आहेत, दुसऱ्या हातात गदा उगारली आहे... अशी चित्रं केनरेने आयुष्यभर कोरली होती. ही भिंत मात्र त्याच्या शिष्याची, इपीची होती. राजाच्या कारभाऱ्यांनी तोंडभरून वाहवा केली होती. गुरूच्या तोंडून तेवढा एक शब्द निघत नव्हता.

“राजा नमुन्याबरहुकूम आहे,” इपी म्हणाला. “आणि शत्रू तर बघा! दाढी, झालर लावलेलं वस्त्र, मानेची शीर. असा परदेशी या देशात आजवर कुणी कोरला नसेल.”

“खरंय.”

“मग?”

केनरेने गुडघे टेकलेल्या शत्रूकडे बोट केलं. “याचे ओठ उघडे आहेत. काय म्हणतोय हा?”

इपी हसला. “शत्रू काय म्हणणार? दयेची भीक मागतोय.”

“तू विचारलंस?”

“त्याची भाषा मला कुठे येते?”

केनरेने पुन्हा त्या उघड्या ओठांकडेच पाहिलं.

इपीच्या अंगाचा तिळपापड झाला. हे म्हातारपण नाही, हा मत्सर बोलतोय, असं त्याच्या मनात येऊन गेलं.

तेवढ्यात देवळाच्या मागशाळेतल्या विणकरणी सुताची गाठोडी घेऊन अंगणातून निघाल्या. सगळ्या लढाईत धरून आणलेल्या, डोंगरापलीकडच्या मुलखातल्या. त्यांतली एक भिंतीपाशी थबकली. तिचं गाठोडं खाली पडलं.

ती गुडघ्यांवर बसली.

“बघा, गुरुजी!” इपी हळूच म्हणाला. “शत्रूची बाईसुद्धा आपल्या राजापुढे वाकते.”

पण बाई राजाकडे बघतच नव्हती. राजाच्या पायाशी असलेल्या त्या माणसाच्या गालावर तिने तळहात ठेवला होता. मग तिचं बोट भुवईवरच्या व्रणापाशी गेलं आणि तिथेच राहिलं.

“हे कुणी केलं?” तिने मोडक्यातोडक्या इजिप्ती भाषेत विचारलं.

“मी,” इपी म्हणाला.

“हा अबिदान. माझा भाऊ. लहानपणी अंजिराच्या झाडावरून पडला होता... तेव्हाची ही खूण.” ती इपीच्या पायांशी वाकली. “देव तुझं भलं करो. भाऊ विटांच्या भट्टीवर गेला, एवढंच कळलं होतं. त्याचं काही उरलं नव्हतं माझ्याकडे. तू त्याचं तोंड मला परत दिलंस.”

इपीने पाय मागे घेतले.

त्याला तो भट्टीवरचा दिवस आठवला. शत्रूच्या चित्रासाठी तो व्रणाचा चेहरा त्याला आवडला होता. मुकादमाला सांगून त्याने त्या माणसाला उन्हात गुडघ्यांवर बसवलं होतं. कोपर पाठीमागे दोरीने घट्ट आवळले होते... मानेची शीर नीट दिसावी म्हणून. माणूस सारखा काहीतरी बोलत होता. इपी ओठ रेखाटत राहिला. काम झाल्यावर उठून निघून आला. दोरी कुणी सोडली, सोडली की नाही, हे त्याने मागे वळून पाहिलं नव्हतं.

“तू त्याला पाहिलंस,” बाई ओठांवरून बोट फिरवत म्हणाली. “तो बोलत होता ना? काय म्हणाला?”

त्या माणसाचे शब्द इपीच्या कानांत जसेच्या तसे बसले होते. अर्थ कळत नसताना त्याने ते उच्चारले.

“मा शुमूका... मा शुमूका...”

बाई रडता रडता हसली.

“त्याची खोडच ती! कुणीही भेटो, आधी हेच.”

“म्हणजे काय?”

“म्हणजे... तुझं नाव काय?”

विणकरणींवर नजर ठेवणारा शिपाई ओरडला. बाईने गाठोडं उचललं. भावाच्या गालाला एकदा गाल लावला आणि ती बाकीच्यांच्या मागे चालू लागली.

इपीने छिन्नी आणि हातोडी उचलली, भिंतीपाशी गेला आणि अबिदानच्या कोपरांवरच्या दोरीवर छिन्नी टेकवली.

केनरेने त्याचं मनगट धरलं.

“सोडा, गुरुजी! एवढी दोरी तरी काढू द्या.”

“कुणाची?”

“त्याची...”

“ही दोरी दगडाची आहे. ही काढून तो सुटणार नाही.” इपीच्या हातून छिन्नी गळाली. दगडावर तिचा केवढा तरी आवाज झाला.

“त्याने मला नाव विचारलं होतं,” इपी म्हणाला. “परत परत विचारलं. आणि मी त्याला उत्तरसुद्धा दिलं नाही, गुरुजी.”

केनरेने त्याचं मनगट सोडलं. भिंतीवरच्या उगारलेल्या गदेकडे पाहिलं.

“दिलंस, बाळा... दगडात कोरून दिलंस.”