पावसावर सोडलेला रंग

एकदा एक गाव होतं आणि ते उतारावर वसलेलं होतं. उताराचं आधीच सांगून ठेवतो, कारण गोष्ट ऐकून झाल्यावर लोक मला विचारतात, “पण त्या माणसाचं चुकलं तरी काय?” आणि मग मला पुन्हा उतारापासून सुरुवात करावी लागते. तर गावाच्या वरच्या अंगाला रंगाऱ्यांची आळी, खालच्या अंगाला मोलमजुरी करणाऱ्यांची वस्ती, आणि वरून खाली येणारं एक दगडी पावसाळी गटार. वस्तीच्या टोकाला एक जुनी बारव होती, पायऱ्या उतरून पाणी भरायची. सगळी वस्ती तिचंच पाणी पीत असे. गटार या बारवेला अगदी खेटून नदीकडे जाई, आणि पाऊस जोराचा झाला की भरून तिच्या पायऱ्यांवर सांडे.

वरच्या आळीत विश्वंभर नावाचा रंगारी होता. त्याच्या कारखान्यातला मोरपिशी रंग साऱ्या पंचक्रोशीत प्रसिद्ध. लुगडं विरेल पण रंग जाणार नाही, अशी त्याची ख्याती, आणि ती तो स्वतःच प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवी. “विटला तर परत आणा आणि मला चारचौघांत बोला!” कुणी कधी परत आणलं नाही. वडिलांपासूनची ही रीत. त्या वडिलांची नखं जन्मभर निळी होती, आणि त्या नखांचा घरात सगळ्यांना मोठा अभिमान होता.

माणूस सज्जन होता. हे मुद्दाम सांगतो, कारण लबाडाची गोष्ट सांगण्यात माझा वेळ मी कशाला घालवू? लोकांनी त्याला नगरपालिकेच्या आरोग्य समितीचा सभापती केलं, तेव्हा त्याने सर्वप्रथम हात घातला तो गटाराला. “पावसाळी गटारात पावसाच्या पाण्याखेरीज काहीही सोडू नये,” असा नियम त्याने सभेत मांडला, भांडून मंजूर करून घेतला आणि बारवेजवळ तशी पाटी लावली. अक्षरं अर्थातच मोरपिशी. नियम त्याने स्वतःपासून पाळायला सुरुवात केली. कढयांमधलं उरलेलं रंगाचं पाणी पूर्वी सरळ गटारात जाई, ते आता कारखान्यामागच्या हौदात साठू लागलं. त्याचं पाहून बाकीच्या रंगाऱ्यांनीही हौद बांधले. उन्हाळाभर वरच्या आळीतून एक थेंब खाली आला नाही, आणि गावाने विश्वंभरचं तोंडभरून कौतुक केलं.

मग हौद भरल्यावर काय करायचं? अहो, हाच तर खरा प्रश्न. त्यावर रंगाऱ्यांनी एक तोड काढली होती, आणि तिला नावही होतं, पावसावर सोडणं. मुसळधार पाऊस लागला की हौदाचं बूच काढायचं. एवढ्या लोंढ्यात आपलं हौदभर पाणी ते काय, पाऊस धुऊन नेतो! विश्वंभरला यात नियम मोडल्यासारखं कधी वाटलंच नाही. गढूळ पाण्यात रंग दिसत नसे, आणि जे दिसत नाही ते नाही, अशी त्याची आपली प्रामाणिक समजूत. आपल्या तरी याहून वेगळ्या समजुती कुठे असतात म्हणा!

खालच्या वस्तीत मात्र पावसाळ्यात अंगाला खाज सुटे, पायांची सालं निघत, मुलांची पोटं बिघडत. समितीने पाहणी केली आणि निष्कर्ष काढला, की हे लोक बारवेवर म्हशी धुतात, धुणं आपटतात, त्याचे हे परिणाम. म्हशी बंद झाल्या, धुणं बंद झालं, खाज होती तिथेच राहिली. तेव्हा समितीने बारवेला लोखंडी दार बसवून कुलूप घालायचं ठरवलं. वस्तीला पाणी टँकरने मिळणार होतं, म्हणजे जेव्हा येईल तेव्हा.

बारवेला लागूनच सरूबाई नावाच्या एका वृद्ध स्त्रीचं घर होतं. ती उतार चढून, धापा टाकत विश्वंभरच्या दारी गेली.

“शेठ, बारव बंद करू नगा. टँकरमागं पळायचं बळ न्हाई माझ्या पायांत.”

“मावशी, तुमच्याच भल्यासाठी करतोय ना? तुम्ही लोक पाणी स्वच्छ ठेवत नाही, त्याला मी काय करू?”

“आता कुनीबी कायबी धूत न्हाई, शेठ. देवाशपथ सांगते.”

“मग पाणी काय आपोआप नासतं?”

सरूबाई आली तशी उतरली आणि गुरुजींच्या घरी जाऊन बसली. हे गुरुजी म्हणजे गावाचे वयोवृद्ध शिक्षक. विश्वंभर त्यांच्याच हाताखाली शिकलेला. सभापती झाला तरी महत्त्वाच्या कामाआधी तो त्यांच्या पाया पडून येई आणि “मी अजून आपला विद्यार्थीच आहे” असं चारचौघांत म्हणे. सरूबाईने गुरुजींना आपले पाय दाखवले. त्यांनी चष्मा पुसून ते बराच वेळ पाहिले, तिला चहा पाजला आणि एवढंच म्हणाले, “दार बसवायच्या समारंभाला मला बोलावलंय. मी येतो.” कुलूप त्यांच्याच हस्ते लावायचं होतं, आणि नियम केल्याबद्दल विश्वंभरला शालही त्यांच्याच हस्ते द्यायची होती.

समारंभाच्या आदल्या दुपारी हस्ताचा पाऊस कोसळला. असा, की समोरचं घर दिसेना. विश्वंभरने कारखान्यात नेहमीप्रमाणे “सोडा रे!” म्हणून हाक दिली आणि छत्री घेऊन मांडवाची काय दशा झाली ते पाहायला खाली आला. पाहतो तर काय, गुरुजी गटाराच्या काठावर भिजत बसलेले, आणि त्यांचं पांढरंशुभ्र उपरणं एका खुंटाला बांधून वाहत्या गटारात सोडलेलं!

“गुरुजी! अहो, हे काय चाललंय?”

“उपरणं धुतोय.”

“गटारात?”

“पावसाचंच पाणी आहे ना रे यात? पाटी तर तुझीच आहे.”

विश्वंभरला हसू आलं, मग वाईट वाटलं. गुरुजींचं आता वय झालं, असा विचार त्याच्या मनात आला. त्याने त्यांच्या डोक्यावर छत्री धरली, घरी चला म्हणून विनवलं. गुरुजी म्हणाले, “तू जा. पाऊस ओसरला की मी येतो.” आणि तो गेला. वर आपल्या हौदाचं बूच निघालेलं आहे, याचा आणि त्या उपरण्याचा काही संबंध असेल, हे त्याच्या ध्यानीमनीही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडलं. बारवेजवळ मांडव, खुर्च्या, नगरपालिकेची माणसं, वरच्या आळीतले सगळे रंगारी. वस्तीतले लोक मागे उभे, आणि सरूबाई बारवेच्या वरच्या पायरीवर बसलेली. आज ती पायरी शेवटचीच, असा तिचा चेहरा. तेवढ्यात गुरुजी आले आणि मांडवात हशा पिकला. जन्मभर पांढऱ्याशिवाय दुसरं काही अंगाला न लावलेल्या गुरुजींच्या खांद्यावर मोरपिशी उपरणं! कुठे गडद, कुठे फिकट, पण मोरपिशी. एका कडेला थोडी लाली होती.

“गुरुजी, या वयात हा थाट?” कुणीतरी थट्टा केली.

“का, शोभत नाही?” गुरुजी म्हणाले. “विश्वंभर, तू जाणकार. रंग कुणाचा असेल रे हा?”

आता हा प्रश्न जगातल्या कुठल्याही रंगाऱ्याला विचारा. आपला रंग दिसला की त्याची छाती आधी फुगते, डोकं मागाहून चालतं. विश्वंभरने उपरण्याचं टोक दोन बोटांत चोळलं, उन्हात धरलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, “आपलाच! यात विचारायचं काय? लांबून ओळखू येतो. थोडा डागाळलाय, पण पक्का आहे. कधी टाकलं होतंत रंगायला?”

“काल दुपारी,” गुरुजी म्हणाले. “तू माझ्या डोक्यावर छत्री धरून उभा होतास तेव्हा.”

मांडवातलं हसू एकदम थांबलं. लाल रंगासाठी नावाजलेला एक रंगारी मागच्या रांगेत होता, तो उपरण्याच्या त्या लाल कडेकडे पाहून खाली मान घालून बसला. विश्वंभरच्या बोटांत अजून ते टोक होतं. ते सोडावं की धरावं, त्याला कळेना.

गुरुजींनी आवाज चढवला नाही. ते म्हणाले, “घरी नेऊन मी हे रिठ्याने धुतलं. चिखल निघाला, रंग निघाला नाही. तुझा रंग आहे, निघेल कसा? जन्मभर तू लोकांना सांगत आलास की हा रंग जात नाही, आणि पाऊस आला की तोच रंग कुठेतरी निघून जातो असंही मानत आलास. यातलं एक काहीतरी खोटं असलं पाहिजे, विश्वंभर. पाऊस धुवत नाही रे, पोहोचवतो. आपण वर राहतो म्हणून आपल्याला वाटतं, गेलं. नियम तुझा उत्तम आहे, मी त्यातली मात्राही बदलणार नाही. पण लोकांना दिसत होतं तोवरच तो तू पाळलास. आता जरा सरूबाईंच्या पायांकडे पाहा.”

विश्वंभरने पाहिलं. बोटांच्या बेचक्यांतली कातडी सोललेली होती, आणि प्रत्येक नखाच्या मुळाशी निळी रेघ होती. ती निळाई त्याच्या परिचयाची होती. लहानपणी ज्या हातांनी त्याला भरवलं, त्या हातांच्या नखांवर त्याने ती पाहिली होती. फरक इतकाच, की सरूबाईने आयुष्यात कधी कापड रंगवलं नव्हतं. सगळे आपल्याकडे पाहताहेत हे जाणवून म्हातारीने घाईघाईने पाय लुगड्याखाली ओढून घेतले. लाज त्याला वाटायला हवी होती, आणि पाय ती लपवत होती!

“पाणी काय आपोआप नासतं?” हे आपलेच शब्द विश्वंभरला आठवले आणि त्याच्या कानांच्या पाळ्या तापल्या. कुणी शिवी घातली असती तर बरं झालं असतं. कुणी घातली नाही. तो मोठ्याने म्हणाला, “म्हशींमुळे नव्हतं. माझ्यामुळे होतं.”

शाल ताटातच राहिली. बारवेसाठी आणलेलं कुलूप त्याने उचललं आणि उतार चढू लागला. लोक मागोमाग गेले. कारखान्यामागे जाऊन त्याने हौदाच्या बुचावर लोखंडी झाकण घातलं, आणि रंगाचं पाणी गाळायची सोय होईपर्यंत कढया पेटणार नाहीत, असं सांगून झाकणाला ते कुलूप लावलं. मग पुन्हा खाली येऊन त्याने किल्ली सरूबाईच्या पुढे धरली. त्याला वाटलं, ही आपण घेतलेली मोठी शिक्षा आहे.

सरूबाईने किल्लीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

“किल्ली घिऊन मी काय करू, शेठ? मला पानी पायजे.”

विश्वंभर घरी गेला, आणि आपल्या अंगणातल्या विहिरीची घागर स्वतःच्या खांद्यावर घेऊन उतार उतरला. बारव उपसून साफ होईपर्यंत रोज उतरत होता. सरूबाई पाणी घेई, “ठेवा तिथं” म्हणे. तिने त्याला माफ केलं असं कधी म्हटलं नाही, आणि त्यानेही विचारायची हिंमत केली नाही. घागर ठेवताना त्याची नजर तिच्या पायांकडे जाई. नखं वाढत तसतशी ती निळी रेघ अगदी हळूहळू टोकाकडे सरकत होती.

पुढे नगरपालिकेने नियमाला एक पुस्ती जोडली. पावसाळाभर गटाराच्या तोंडाशी पांढरं कापड बांधून ठेवायचं, आणि ते रंगाऱ्यांनी स्वतः येऊन वस्तीदेखत तपासायचं. गुरुजींनी मात्र ते मोरपिशी उपरणं कधी बदललं नाही. एकदा विश्वंभर त्यांना म्हणाला, “गुरुजी, आता तरी ते मला द्या. नवं पांढरं आणलंय.” गुरुजी म्हणाले, “फाटलं की देईन.” विश्वंभरने मान हलवली. ते किती टिकेल, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

पाणी गाळायची सोय होऊन कढया पुन्हा पेटल्या, तरी अजूनही जोराचा पाऊस लागला की कारखान्यातले गडी सवयीने त्याच्या तोंडाकडे पाहतात, आणि तो “सोडा रे!” न म्हणता छत्री उचलून खाली गटाराकडे निघतो.

वाचकहो, आपल्या मोरीतून काय जातं ते आपल्याला माहीत असतं. कुणाच्या पायरीवर जातं, तेवढं एकदा उतरून पाहून यावं.