घडीची सायकल

पाळणाघर सहाला बंद होई. आणखी एकदा उशीर झाला, तर मृण्मयीच्या लेकीचं नाव तिथून काढून टाकणार होते. मेट्रोतून उतरल्यावर पाळणाघरापर्यंत तीन किलोमीटर जायचं आणि रिक्षा मिळत नसे, म्हणून तिनं घडीची सायकल घेतली. हा निर्णय चुकलाच, असं तिला पहिल्याच दिवशी मेट्रोच्या फाटकावर वाटलं.

"बाई, सायकल म्हणजे वाहन. वाहन आत जाणार नाही!" अधिकारी घोरपडे गरजले.

तिनं सायकलची घडी घातली. "साहेब, आता यावर बसून त्या खांबापर्यंत जाऊन दाखवा. गेलात, तर मी परत फिरते."

रांगेत हशा पिकला. घोरपड्यांनी त्या गाठोड्याकडे पाहिलं, रांगेकडे पाहिलं आणि फाटक उघडलं.

दार मिटता मिटता ती गाडीत शिरली, आणि मग कुठे तिला रडू फुटलं.