थरथरत्या चमच्यांची गोष्ट

एका राज्यात वज्रसेन नावाचा राजा राज्य करीत होता. खाणीतल्या चेटकिणीने त्याला चांदी दिली, ती एक अट घालून. पहिला घास ती चांदी घडवणाऱ्याच्या तोंडी, मग राजाच्या. हिरोजी मुलामेकऱ्याने त्या चांदीचे चमचे घडवले, वर सोन्याचा मुलामा चढवला. पण कारागिराचं उष्टं राजाने खायचं? वज्रसेनाने नाक मुरडलं आणि एकटाच पानावर बसला.

झालं! चमचे थरथरू लागले. तोंडाशी येईतो खीर सांडायची. हाताने खावं, तर घासाची माती व्हायची. राजा वाळून काटकी झाला, तरी आपली चूक कबूल करील तर शपथ. खापर फुटलं हिरोजीच्या डोक्यावर. तीन दिवसांत चमचे शांत झाले नाहीत, तर त्याचे दोन्ही हात तोडायचे.

हिरोजीची लेक भिवरा. ती तडक खाणीकडे धावली. खाणीच्या दारात चेटकिणीची साळुंकी बसली होती.

"कामं तीन," साळुंकी म्हणाली. "सावली न पडणाऱ्या तळ्याचं पाणी आण. त्यात विस्तवावाचून खीर रांध. ती बापाला राजाच्या हातून भरव, आणि बापाचं उष्टं राजाला."

भिवराने पाणी पदरात आणलं, थेंब सांडला नाही. तांदळाला बापाचं नाव सांगितलं, तांदूळ उकळले. तिसऱ्या दिवशी भर दुपारी ती दरबारात पोचली. हिरोजीचे हात दोरांनी बांधलेले होते आणि जल्लाद कुऱ्हाड परजीत होता.

"महाराज, माझ्या बाबांना भरवा."

"आणि मी?"

"त्याच चमच्याने. न धुता."

दरबारी कानांत बोटं घालू लागले. राजाची भूक मात्र आता ऐकेना. त्याने चमचा उचलला. तो असा नाचला की अर्धी खीर हिरोजीच्या दाढीत गेली. उरलेली हिरोजीने गिळली.

"साखर कमी आहे," तो म्हणाला.

राजाने डोळे मिटले आणि त्याच चमच्याने दुसरा घास घेतला. चमचा हलला नाही. खीर पोटात उतरली तसा राजा ढसाढसा रडला.

"ज्याने घडवलं त्यालाच मी उपाशी ठेवलं. सोडा त्याचे हात."

दोर सुटले. हिरोजीने मोकळ्या हातांनी दाढी पुसली आणि राजाच्या शेजारी पान मांडून घेतलं.