खोलगट बटण

कॉम्प्युटरला नुसता हात लावायला शाळेत रांग लागायची, त्या काळचा आपल्या शाळेतला एक कॉम्प्युटर निवृत्त शिक्षिका टिपरेबाईंनी भंगारातून उचलून घरी आणला. महिनाभर खपून, गंजलेले भाग बदलून त्यांनी तो सुरू केला. राहिलं होतं फक्त कीबोर्डवरचं स्पेसचं लांब बटण. ते एका बाजूला झिजून पार खोलगट झालं होतं.

"उतर आता," डबीतलं नवं बटण त्याला म्हणालं. "पाठीला खड्डा पडलाय तुझ्या."

बाईंनी जुनं काढून डबीत टाकलं, नवं बसवलं आणि त्यांच्या त्या वेळच्या, आता पन्नाशीतल्या विद्यार्थ्याला, सलीम मुजावरला, हौसेनं बोलावलं. सलीमनं दोन ओळी टाइप केल्या. त्याचा अंगठा घुटमळला.

"बाई, हा आपल्या शाळेतला नाही."

बाईंचा चेहरा उतरला. मग काहीतरी आठवून त्यांनी जुनं बटण परत बसवलं. सलीमचा अंगठा अलगद त्या खळग्यात जाऊन बसला.

"हाच की हो, बाई!"

डबीत परतलेल्या नव्या बटणानं हळूच विचारलं, "झिजताना दुखलं नाही तुला?"

"पोरं रांगेत उभी असायची रे," जुनं म्हणालं. "दुखायला सवड कुठली?"