कोरडे वाल

एकदा एका नव्या सुनेच्या कानावर तिच्यासाठी नसलेलं एक वाक्य पडलं. गच्चीवरचे कपडे काढताना तिने ऐकलं, पाण्याच्या टाकीमागे पंधरा वर्षांची नणंद ऋजुता फोनवर मैत्रिणीला सांगत होती, "मी नसले तरी इथे कुणाचं काही अडणार नाही."

नव्या सुनेला घरातलं सगळं ऐकू येतं. तिने बोलावं अशी अपेक्षा मात्र कुणाची नसते. तरीही ती जाऊन ऋजुताशेजारी बसली. हळूहळू कळलं, की पोरीची झोप कित्येक महिने उडाली आहे, कशातच जीव रमत नाही. आईला सांगू पाहिलं, तर "काय कमी केलंय आम्ही तुला?" बाबांनी सगळं खापर मोबाईलवर फोडलं होतं.

ऋजुताला तिच्या दादापाशी कॅरम खेळायला बसवून सून शेजारच्या वृद्ध गुरुजींकडे गेली. त्यांच्याकडे ती संस्कृत शिकत असे. गुरुजी बिरड्यासाठी मोड आलेले वाल सोलत होते. त्यांनी सारं शांतपणे ऐकलं आणि डब्यातले मूठभर कोरडे वाल तिच्यापुढे ठेवले.

"सूनबाई, हे सोल."

तिचं नख तुटलं, साल मात्र हलली नाही. मग गुरुजींनी कोमट पाण्यातल्या वालांचं पातेलं पुढे सरकवलं. चिमटीत धरताच दाणा अलगद सुटला.

"समजलं," ती म्हणाली. "ऋजुताला आधी भिजू द्यायचं."

"ती भिजलेलीच आहे. एका बैठकीत बोलली की तुझ्याशी. कोरडे आहेत ते आईवडील. लेकीचं दुःख मान्य केलं तर आपणच चुकलो असं ठरेल, या भीतीने माणूस टणक होतो. तिथे नखं मारू नकोस, ऊब दे. पण आजच. हे दुखणं अंगावर काढायचं नसतं."

घरी येऊन तिने आधी ऋजुताला विचारलं, आज आईबाबांशी बोलायचं का. "तू शेजारी बसशील?" एवढंच ऋजुताने विचारलं.

जेवणं झाल्यावर सगळे बाहेरच्या खोलीत बसले. "आता काय नवीन?" सासूबाई म्हणाल्या. आजवर "हो आई" आणि "वाढू का?" यापलीकडे फारसं न बोललेल्या सुनेने ऋजुताचा हात हातात घेतला.

"आई, बाबा, यात तुमची चूक कुणी काढत नाहीये. ऋजुता आजारी आहे. उद्या आपण सगळे तिला घेऊन डॉक्टरांकडे जाऊ. आत्ता ती बोलेल. तिचं बोलून होईपर्यंत आपण फक्त ऐकायचं."